दिवा आणि नोंदवही

नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या शपथविधीत प्रत्येकीच्या हातात दिवा असतो. बहुधा तो अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्यासारखा, चोचीचा असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हाती स्कुतारीच्या रुग्णालयात होता तो मात्र घडी घालता येणारा तुर्की कंदील. आपल्या आकाशकंदिलाच्या जातकुळीतला. लाँगफेलोच्या १८५७ च्या कवितेने तो दिवा जगभर नेला. शपथही बाईंची नव्हे. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. या प्रतीकांबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या आडून एक समजूत घट्ट बसली: परिचर्या म्हणजे ममता, आणि ममता काही शिकवावी लागत नाही. नाइटिंगेलबाईंचे सारे आयुष्य या समजुतीशी भांडण्यात गेले. त्या भांडणातले त्यांचे हत्यार दिवा नव्हते, मृत्यूंची नोंद हे होते.

४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलसमोरच्या स्कुतारीला पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातले आजारी आणि जखमी ब्रिटिश सैनिक तिथल्या प्रचंड बराकीत आणून टाकले जात होते. बाईंनी स्वयंपाकघर उभारले, कपडे धुण्याची सोय केली, पट्ट्या, चादरी, शर्ट मिळवले. हे सगळे आपण शाळेत वाचलेले असते. शाळेत सांगत नाहीत ते असे, की त्या आल्यानंतर मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण उपचाराखालच्या रुग्णांमागे शेकडा ४२ च्या वर गेले होते.

मार्चमध्ये डॉक्टर जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांचे स्वच्छता आयोग आले. इमारतीखालची गटारे तुंबलेली, शौचकूपांतली हवा वॉर्डांत शिरणारी, आणि पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा कुजत पडलेला. पहिल्या पंधरवड्यातच साडेपाचशेहून अधिक हातगाड्या भरून घाण बाहेर काढली गेली. गटारे धुतली, भिंतींना चुना लावला, हवेला वाट करून दिली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

या उताराचे श्रेय कोणाचे आणि आधीच्या मृत्यूंची जबाबदारी कोणावर, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. ह्यू स्मॉल यांच्या मते हे आकडे युद्धानंतर हाती आले तेव्हा बाईंना आपल्याच रुग्णालयातल्या संहाराची खरी कल्पना आली, आणि त्या हादरल्या. लिन मॅक्डोनल्ड यांना ही मांडणी मान्य नाही. बाईंच्या मनात काय चालले होते हे ठरवण्यापेक्षा त्यांनी काय केले ते पाहणे मला अधिक सुरक्षित वाटते. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी महिन्यामहिन्याचे मृत्यू मांडले, त्यांच्या रंगीत आकृत्या काढल्या आणि १८५८ मध्ये छापल्या. जखमांनी मेलेले थोडे. टाळता येण्याजोग्या आजारांनी मेलेले कितीतरी जास्त. १८६० च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना त्यांनी मांडली. रुग्णालयाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, ही अपेक्षा त्यांच्या रुग्णालयविषयक पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत अगदी सुरुवातीला येते. आज जिला ‘रुग्णसुरक्षा’ म्हणतात, ती हीच.

पण नोंद करणार कोण? रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. तिला पाहायला, मोजायला, लिहायला यायला हवे, आणि जे दिसले ते वर सांगण्याचा अधिकारही हवा. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून प्रशिक्षणशाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. त्याच रुग्णालयाचे ज्येष्ठ शल्यविशारद जॉन साउथ यांनी तीनच वर्षांपूर्वी लिहिले होते, की नर्स ही मोलकरणीच्या बरोबरीची, तिला पोटीस करण्यापलीकडे फारसे शिकवावे लागत नाही. बाईंचा आग्रह असा, की परिचारिकांची शिस्त आणि शिक्षण मेट्रनच्या हाती असावे, डॉक्टरांच्या किंवा कारभाऱ्यांच्या नव्हे.

त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग मात्र अपयशाचा आहे. १८६१ मध्ये त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी प्रसूतिकक्ष उघडला. त्यात बाळंतज्वराने स्त्रिया मरू लागल्या. १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. तिथेच विषय मिटवता आला असता. बाईंनी तसे केले नाही. ठिकठिकाणच्या सूतिकागृहांचे आकडे त्यांनी जमवले आणि १८७१ मध्ये पुस्तक काढून दाखवले, की बाळंतिणीला रुग्णालयापेक्षा स्वतःचे घर अधिक सुरक्षित होते, ते घर गरिबाचे असले तरी. आपल्याच नावाच्या निधीतून चाललेल्या कक्षातले मृत्यू असे चव्हाट्यावर मांडणारे संस्थाचालक आजही शोधावे लागतील.

सेंट थॉमसच्या शाळेतही सगळे आलबेल नव्हते. १८७० नंतर बाईंनी बारकाईने चौकशी केली तेव्हा कळले, की व्याख्याने जवळजवळ थांबली होती आणि शिकवण्याची जबाबदारी असलेले निवासी डॉक्टर व्हिटफील्ड दारूच्या आहारी गेले होते. शिकाऊ मुलींकडून फुकटात वॉर्ड चालवून घेतला जात होता. मग जॉन क्रॉफ्ट यांची व्याख्याने सुरू झाली आणि मुलींचा अभ्यास पाहणारी ‘होम सिस्टर’ नेमली गेली. मोनिका बॅली यांनी १९८६ च्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे ही हकीकत सांगेपर्यंत शाळेचा इतिहास बहुधा आरतीसारखाच गायला जात होता.

भारतात बाई कधी आल्या नाहीत, पण इथल्या ब्रिटिश सैन्यात हजारामागे वर्षाला ६९ मृत्यू होतात हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालातून त्यांनीच लोकांपुढे आणले. १८६५ मध्ये भारतीय रुग्णालयांसाठी परिचर्येची योजनाही त्यांनी सुचवली. खर्चाच्या कारणावरून सरकारने ती पुढे नेली नाही. आपल्याकडे हे काम वेगळ्या वाटेने आले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदनाची कल्पना रमाबाई रानड्यांपुढे ठेवली. तीत स्त्रियांना परिचारिका करणे हा एक हेतू होताच. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदन निघाले, आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात शिकू लागल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, ही घरच्यांना न झेपणारी गोष्ट. ती रमाबाईंनी प्रतिष्ठेची करून दाखवली. प्रतिष्ठा मिळाली, अधिकार मात्र मागेच राहिला. १९४६ च्या भोर समितीने ४३,००० लोकांमागे एक नर्स असल्याचे नोंदवले आणि नर्सेसच्या राहण्या-काम करण्याच्या स्थितीवर कडक शब्दांत टीका केली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिक्षणाला एक चौकट मिळाली.

बाईंनी अंदाजाने धरलेली गोष्ट अलीकडे मोजली गेली आहे. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते; पदवीधर नर्सेसचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, तर ती जवळजवळ तितकीच घटते. आपल्या परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. सरकारी वॉर्डात नातेवाइकाच्या उशाशी एखादी रात्र काढलेल्या कोणालाही तिथले प्रमाण ठाऊक असते. अशा रात्री नाडी, ताप, लघवी, सलाइन यांच्या नोंदी पाळी संपता संपता, आठवेल तशा, एकदमच लिहिल्या जातात. मग मृत्यू झाला की चौकशीसाठी पहिल्यांदा तीच वही मागवतात.