परिचारिकांची नोंदणी आणि राज्यांच्या सीमा : कोलकात्याच्या संदर्भात

समजा, तुम्ही नागपुरात बी. एस्सी. नर्सिंग पूर्ण केले, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी केली आणि पुढे कोलकात्यातील रुग्णालयात नोकरी मिळाली. तुमची पदवी तिथेही मान्य आहे. तरीही पश्चिम बंगालच्या परिषदेकडे पुन्हा नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो आणि मूळ परिषदेकडून पडताळणी व्हावी लागते. देश एक, शिक्षण एक, मग नोंदवह्या वेगळ्या का? याचे उत्तर इतिहासात आहे.

१९१९ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. आरोग्य हा विषय ‘सोपीव’ खात्यांत, म्हणजे प्रांतिक मंत्र्यांकडे गेला. त्यामुळे परिचारिकांच्या नोंदणीचे कायदेही प्रांताप्रांतांत वेगवेगळे झाले : मद्रासमध्ये १९२६, बंगालमध्ये १९३४, मुंबई इलाख्यात १९३५. बंगालच्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या परिषदेची परंपरा आज पश्चिम बंगालची परिषद चालवते. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. अखिल भारतीय परिषद नंतर आली. प्रांतिक नोंदवह्या आधीच अस्तित्वात होत्या.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इतक्या थोड्या मनुष्यबळात प्रत्येक प्रांताचे प्रशिक्षण निराळ्या दर्जाचे असणे परवडणारे नव्हते. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याचा हेतू म्हणूनच प्रशिक्षणाचा एकसमान दर्जा हा होता. या कायद्याच्या कलम ११ ने ठरवले की मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यास पुरेशी आहे. मात्र नाव घालण्याचे काम राज्याकडेच राहिले. १९५७ च्या दुरुस्तीने भारतीय परिचारिका नोंदवहीची तरतूद झाली, तरी राज्यांच्या नोंदवह्या कायम राहिल्या.

थोडक्यात, १९४७ मध्ये पात्रता राष्ट्रीय झाली, पण नोंदणी प्रांतिकच राहिली. राज्यघटनेतही हा दुहेरीपणा दिसतो. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत आहेत, तर वैद्यकीय व इतर व्यवसाय समवर्ती सूचीत.

हा प्रश्न केवळ कागदपत्रांचा आहे का? कोलकात्याचे उदाहरण पाहा. येथील खासगी रुग्णालये मणिपूर, त्रिपुरा, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून आलेल्या परिचारिकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ३०० हून अधिक परिचारिका नोकरी सोडून आपापल्या राज्यांत परतल्या. त्यांत मणिपूरच्या परिचारिकांची संख्या मोठी होती. त्या जाण्याची कारणे नोंदणीपलीकडची होती. पण त्यांची जागा घेण्यासाठी दुसऱ्या राज्यातून परिचारिका आणायची, तर नोंदणीचा प्रश्न समोर येतोच. शहराची आरोग्यसेवा सीमा ओलांडून आलेल्या हातांवर उभी आहे, आणि नोंदवह्या मात्र त्या सीमांनुसार विभागलेल्या आहेत.

अमेरिकेतही परवाना राज्यच देते. तेथे २००० च्या सुमारास काही राज्यांनी आपसांत करार केला. त्या करारातील एका राज्याचा बहुराज्यीय परवाना इतर सदस्य राज्यांतही चालतो. भारताने केंद्रीय कायद्याचा मार्ग निवडला. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही नोंदवह्यांची तरतूद आहे.

राज्याच्या नोंदवहीची बाजूही समजून घ्या. गैरवर्तनाची तक्रार आली, तर चौकशी करून नाव वगळण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवा, आणि तो रुग्णाला जवळचा हवा. राज्य परिषद ही जबाबदारी पार पाडते. म्हणून ‘नोंदवही एक असावी की अनेक’ हा प्रश्न अपुरा आहे. तपासणी एकदाच व्हावी, ती सर्वत्र मानली जावी आणि तरीही रुग्णाला तक्रारीसाठी दूर जावे लागू नये, हे कसे साधता येईल? पुढील पाठाआधी यावर स्वतःचे मत लिहून पाहा.