आजोबांची बीएसए

बेळगावात सायकल म्हटलं की किर्लोस्करांचं नाव निघणारच. लक्ष्मणरावांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान काढलं. नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. आमच्या शहापूरच्या घरातली बीएसए आजोबांची. ३० वर्षं माळ्यावर पडून होती. दादा म्हणाला, "भंगारात घाल जा." मी खाली काढली.

सीटची दांडी फ्रेममध्ये गंजून बसलेली. चार दिवस रॉकेल सोडलं तेव्हा कुठं हलली. क्रँकच्या कॉटर पिना ठोकून काढताना एक वाकलीच. मागच्या सांध्याला चीर होती. एकजण सरळ वेल्डिंग मारायला निघाला, तर आमचे म्हातारे मिस्त्रीकाका ओरडले, "अरं थांब की! पितळेनं जोडलेली नळी ही, लई तापवलीस तर कामातनं जाईल." त्यांनी पितळ वितळवूनच सांधा भरला.

रंगवाला सगळं खरवडणार होता. त्याआधी मी सहज रॉकेलच्या फडक्यानं पुसत गेलो, तर वरच्या नळीवर मळीखालून आजोबांचं नाव उमटलं. देवनागरीत, पांढऱ्या रंगानं, हातानं काढलेलं. तेवढा पट्टा तसाच ठेवला, बाकी काळा मारला.

मागं मात्र तीन गिअरचं हब घातलं, नव्या तारा भरून चाक पुन्हा बांधलं. जुन्या सायकलींचे जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत, राजहंसगडाचा चढ साठीत त्यांना चढायचा नाही, मला चढायचाय. रॉडचे ब्रेक जुनेच आहेत.

परवा दादा आला. नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "एक चक्कर मारू काय?"