बुबुळाला भोक कशासाठी?

शालेय पुस्तकातील डोळ्याच्या आकृतीत पारपटल, बुबुळ, बाहुली, भिंग अशी नावे असतात. पारपटल आणि बुबुळ कडेला ज्या कोपऱ्यात भेटतात, त्या कोपऱ्याला मात्र कोणी नाव देत नाही. काचबिंदूच्या एका प्रकाराचा सगळा इतिहास त्या कोपऱ्यात दडलेला आहे.

डोळ्यातले पाणी बुबुळाच्या मागे तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि या कोपऱ्यातून निचरते. काही डोळ्यांत बाहुलीची कड भिंगाला घट्ट टेकते. मग पाणी मागे तुंबते, बुबुळ शिडासारखे पुढे फुगते आणि कोपरा बंद होतो. दाब वाढून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता मरू लागते. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही.

बर्लिनचे आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी १८५७ साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, यावर उपाय जाहीर केला: बुबुळाचा एक तुकडा कापून काढायचा. तीव्र काचबिंदूचे कित्येक डोळे वाचले. पण का वाचले, आणि इतर काचबिंदूंत हाच उपाय का फसतो, हे कळेना. पाणी बाहुलीपाशी अडते, तेव्हा लहानसे भोकही पुरे, असे अमेरिकेतील करन यांनी १९२० मध्ये सुचवले.

कोपरा बघून खात्री का केली नाही? इथे आपल्या वर्गातले प्रकाशशास्त्र आडवे येते. कोपऱ्यातून निघालेला प्रकाश पारपटलावर इतका तिरपा पडतो, की सुमारे ४६ अंशांचा क्रांतिक कोन ओलांडून त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. तो बाहेर येतच नाही. डोळ्यावर काचेचे भिंग टेकवले की हवेचा पृष्ठ नाहीसा होतो आणि कोपरा दिसतो. या युक्तीच्या आधारे बार्कन यांनी १९३८ मध्ये उघड्या आणि अरुंद कोपऱ्याचे काचबिंदू वेगळे केले.

तरी बुबुळाची मागची बाजू अंधारातच राहिली. १९८० नंतरच्या दशकात याग लेसरने काही क्षणांत भोक पडू लागले, तेही सुरी न लावता. त्यानंतर १९९० च्या सुमारास टोरांटोत पॅव्हलिन आणि फॉस्टर यांनी ५० मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरला. तो जेमतेम ५ मिलिमीटर खोल जातो, पण सूक्ष्म तपशील दाखवतो. लेसरपूर्वीच्या चित्रात बुबुळ कमानीसारखे, नंतरच्या चित्रात सपाट, कोपरा मोकळा. करन यांचा तर्क आता चित्रात उतरला.

त्याहून मोलाची आम्हाला वाटतात ती फसलेली चित्रे. काही डोळ्यांत भोक आरपार असूनही कोपरा मिटलेलाच होता. १९९२ मध्ये कारण दिसले: पाणी बनवणारा रोमक पिंड पुढे सरकून बुबुळाच्या मुळाला मागून रेटत होता. इथे पाणी तुंबण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून भोक पुरेसे नव्हते.

पुढे प्रकाशाने, डोळ्याला स्पर्श न करता अशी चित्रे काढता येऊ लागली. पण बुबुळामागचे रंगद्रव्य प्रकाश अडवते, त्यामुळे रोमक पिंड पाहायला आजही ध्वनीच लागतो.

चित्रात कोपरा अरुंद दिसला, की लगेच भोक पाडावे का? चीनमधील ग्वांगझू येथे असे कोपरे असलेल्या, पण अजून आजार न झालेल्या ८८९ जणांच्या एकाच डोळ्याला लेसर दिला, दुसरा तसाच ठेवला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. सहा वर्षांत लेसर दिलेल्यांपैकी १९ आणि न दिलेल्यांपैकी ३६ डोळे बिघडले. लेसरचा फायदा झाला, पण न दिलेले बहुतेक डोळेही ठीकच राहिले होते. म्हणून अशा प्रत्येकाला सरसकट लेसर देण्याची शिफारस संशोधकांनी केली नाही.