वारसाफेरी, पुणे

जुन्या शहराचा गाभा जाणकाराबरोबर पायी हिंडून पाहण्याचा उपक्रम. रूढ नाव ‘हेरिटेज वॉक’. पुण्याच्या पेठांसाठी सकाळची वेळ उत्तम. नंतर रहदारीत बोलणे ऐकू येत नाही. आरंभ साहजिकच शनिवारवाड्यापासून. थोरल्या बाजीरावांच्या या वाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती एवढेच उरले. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार लोखंडी खिळे हत्तीची धडक थोपवण्यासाठी होते. ते किती उंचावर ठोकले आहेत, हे खाली उभे राहून मान वर केल्यावरच उमगते, छायाचित्रात नाही. पुढे कसबा गणपती, नानावाडा, तुळशीबाग आणि १८८६ ची मंडई. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यापाशी मात्र रेंगाळावे: दर्शनी भागाचे सुरूच्या घाटाचे कोरीव लाकडी खांब पाहण्याजोगे आहेत. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मूळ वास्तू २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. तरी त्या जागेसमोर थांबल्याशिवाय ही फेरी पुरी होत नाही.