ऑस्प्रेचे कुटुंब : घरट्यावरील निरीक्षण

ऑस्प्रे हा जवळजवळ पूर्णपणे माशांवर जगणारा शिकारी पक्षी. विणीच्या हंगामात त्याची जोडी, अंडी व पिल्ले यांचे घरट्यापासून सुरक्षित अंतर राखून केलेले सलग निरीक्षण हा या नोंदीचा विषय आहे. पक्ष्याचे शास्त्रीय नाव पँडिऑन हॅलिईटस. मराठी पक्षिनामांच्या याद्यांत तो ‘कैकर’ म्हणून येतो. पँडिऑनिडी या कुलात तो एकटाच आहे. ऑस्ट्रेलियाकडील पक्षी वेगळ्या जातीचा मानावा की नाही, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत तो दिसतो. महाराष्ट्रात व गोव्यात तो हिवाळी पाहुणा आहे. उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांवर आणि कोकणातील खाड्यांवर तो एकेकटा मासे पकडताना दिसतो, पण इथे घरटे करत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकाला त्याचे निम्मेच आयुष्य पाहायला मिळते. उरलेले निम्मे ज्या ठिकाणी सर्वांत उघडपणे पाहिले गेले, त्या स्कॉटलंडमधील लॉख गार्टन तलावाकाठच्या घरट्याला या नोंदीत साहजिकच जास्त जागा दिली आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील ऑस्प्रेच्या मुळावर आले ते बंदूकधारी आणि अंडी जमवणारे. पक्षी जसजसा दुर्मीळ होत गेला तसतशी त्याच्या अंड्यांची किंमत वाढली, आणि किंमत वाढली तशी उरलेली घरटीही लुटली गेली. लॉख अॅन आयलन या तलावातील पडक्या किल्ल्याच्या भिंतीवर एक प्रसिद्ध घरटे होते. ल्यूइस डनबार याने थंडीची पर्वा न करता पोहत जाऊन तेथील अंडी काढली आणि जॉन वूली या संग्राहकाला पुरवली. स्कॉटलंडमधील वीण १९१६ मध्ये थांबली असे सर्वसाधारणपणे मानतात. काही जोड्या दुर्गम भागात गुपचूप घरटी करत राहिल्या असाव्यात, असेही एक मत आहे.

लॉख गार्टन : १९५४ मध्ये स्ट्रॅथस्पे भागातील या तलावाच्या परिसरात एका जोडीने वीण केल्याचे मानले जाते. हे पक्षी स्कँडिनेव्हियातून आले असावेत. पुढची काही वर्षे घरट्याची जागा गुप्त ठेवण्यावर भर होता. गुप्ततेने अंडी वाचली नाहीत. जून १९५८ मध्ये राखणदार पहाऱ्यावर असतानाच एक चोर अंधारात पाइनच्या झाडावर चढला. त्याचा पाठलाग झाला, पण तो निसटला. घरट्यात पाहिले तर तपकिरी रंग फासलेली कोंबडीची अंडी होती. ऑस्प्रेची अंडी फुटलेल्या अवस्थेत सापडली.

‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ या संस्थेचे स्कॉटलंडमधील प्रतिनिधी जॉर्ज वॉटरस्टन यांनी यानंतर धोरण पार उलटे केले. १९५९ मध्ये घरट्याची बातमी वृत्तपत्रांना देण्यात आली. झाडाच्या बुंध्याला काटेरी तार गुंडाळली गेली. अंतरावर एक निरीक्षणकुटी उभारून तिच्यात दुर्बिणी बसवल्या, आणि लोकांनी यावे असे जाहीर आवाहन केले. स्वयंसेवकांच्या पाळ्या लावून रात्रंदिवस पहारा ठेवला गेला. त्या उन्हाळ्यात सुमारे १४,००० लोक आले आणि घरट्यातून तीन पिल्ले उडाली. ‘ऑपरेशन ऑस्प्रे’ हे नाव या मोहिमेला तेव्हापासून चिकटले. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे लोकांपासून लपवावे, हा तोवरचा सर्वमान्य नियम होता. लोकच राखणदार होऊ शकतात हे लॉख गार्टनने दाखवून दिले, आणि संरक्षणाच्या इतिहासातील या निर्णयाचे मोल त्या तीन पिल्लांपेक्षा कितीतरी मोठे आहे. ऑस्प्रेच्या कुटुंबाविषयी आज जे बारकावे माहीत आहेत, त्यांतील अनेक अशा पहाऱ्यावर बसलेल्या माणसांनी वहीत टिपलेले आहेत.

जोडी व अंडी : ब्रिटनमधील पक्षी मार्चअखेर व एप्रिलमध्ये आफ्रिकेतून परततात. नर आणि मादी हिवाळा एकत्र काढत नाहीत. दोघांना एकत्र आणते ते घरटेच. वाळलेल्या काटक्यांचे हे घरटे बहुधा झाडाच्या अगदी शेंड्यावर असते आणि वर्षानुवर्षे वापरात राहते. दरवर्षी त्यावर नवी भर पडते; आत शेवाळ, साल व गवत अंथरले जाते. नर पंजात मासा धरून उंच जातो, हेलकावे घेत, ओरडत मादीला तो दाखवतो. मादी घरट्यावर आली की तिला मासे पुरवण्याचे काम त्याच्याकडे येते व पिल्ले मोठी होईपर्यंत राहते.

अंडी बहुधा तीन, कधी दोन, क्वचित चार असतात. मळकट पांढऱ्या कवचावर लालसर तपकिरी डाग असतात. ती एक ते तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात. उबवण पहिल्या अंड्यापासून सुरू होते आणि पाच ते सहा आठवडे चालते. बहुतेक वेळ मादी बसते. नर मासा आणून देतो, ती तो घेऊन जवळच्या फांदीवर जाते आणि तेवढ्या वेळात तो अंड्यांवर बसतो. आणलेल्या माशाला बहुधा डोके नसते, कारण ते त्याने आधीच खाल्लेले असते.

नर उशिरा परतला तर गुंतागुंत होते. लॉख गार्टनची ‘ईजे’ ही मादी पायातील कड्यावरच्या अक्षरांनी ओळखली जाई. २००७ मध्ये तिचा जुना जोडीदार ‘हेन्री’ येण्यापूर्वीच तिने दुसऱ्या नराशी जोडी करून अंडी घातली होती. हेन्रीने आल्यावर ती अंडी घरट्याबाहेर लोटून दिली.

पिल्ले : अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे पिल्लांत पहिल्यापासून थोरले-धाकटे असा फरक पडतो. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू वाळूच्या रंगाचे असते आणि त्याच्या पाठीवर फिकट पट्टा असतो. काही दिवसांतच ही लव जाऊन काळपट, दाट लव येते. या दिवसांत ते सरपटणाऱ्या प्राण्यासारखे भासते. धोक्याची हाक ऐकली की पिल्ले घरट्याच्या तळाशी पोटावर पसरतात आणि निश्चल पडून राहतात. त्या रंगामुळे ती काटक्यांत दिसतही नाहीत.

भरवण्याचा प्रसंग दुर्बिणीतून नीट पाहण्यासारखा असतो. मादी मासा पायाखाली दाबते, चोचीने त्याचा अगदी लहानसा तुकडा तोडते आणि मान तिरपी करून तो पिल्लाच्या चोचीपाशी धरते. बाकदार, धारदार चोच पिल्लाला लागू नये म्हणून ही तिरपी मान. पिल्लाची नजर अजून स्थिर नसते. ते चुकीच्या बाजूला चोच मारते, कोलमडते, पुन्हा मान उचलते. मादी तुकडा तसाच धरून थांबते. पिल्लाने घेतलाच नाही तर स्वतः गिळते आणि दुसरा तोडते. पुढे सरसावणाऱ्याला पहिला घास मिळतो, म्हणून धाकट्याची पाळी उशिरा येते. मासे मुबलक असतील तर थोरल्यांचे पोट भरल्यावर धाकट्यालाही पुरेसे मिळते. तुटवडा पडला की थोरले पिल्लू धाकट्याला टोचून मागे सारते आणि धाकटे बहुतेक वेळा जगत नाही. आई या भांडणात पडत नाही. ॲलन पूल यांच्या ऑस्प्रेवरील अभ्यासातही पिल्लांमधील वर्चस्वाचा अन्नाच्या पुरवठ्याशी असलेला संबंध मांडलेला आहे. भर पावसात मादी अर्धवट पसरलेल्या पंखांखाली पिल्लांना घेते. सलग पाऊस व वारा असेल तर पाणी गढूळ होते, नराला मासा दिसत नाही आणि घरट्यावर उपास पडतो. कुटी बंद करण्याची वेळ झाली तरी नर परतला नाही, अशा संध्याकाळी निरीक्षकांचा जीव टांगणीला लागतो.

पाच-सहा आठवड्यांत पिल्ले जवळपास आईएवढी होतात आणि घरट्याच्या काठावर वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवू लागतात. आधी जागच्या जागी उसळी, मग वाऱ्यावर हातभर तरंगणे. सातव्या-आठव्या आठवड्यात पहिले उड्डाण होते. त्यानंतरही ती काही आठवडे घरट्यावर येऊन बापाकडून मासे घेतात. मासा मिळाला की त्यावर पंख पसरून भावंडांपासून तो झाकतात. ऑगस्टमध्ये मादी आधी निघून जाते. पिल्लांना पोसत नर मागे थांबतो. पिल्ले निघतात ती एकटी, आईबापांच्या सोबतीशिवाय. पश्चिम आफ्रिकेचा मार्ग त्यांना कोणी दाखवत नाही. पहिल्या प्रवासात अनेक मरतात. जी जगतात ती दोन-तीन वर्षांनी वीण करण्याच्या वयात परततात.

शिकार : पक्षी उंचावरून घिरट्या घालतो, हवेत क्षणभर एका जागी थांबतो आणि पाय पुढे काढून पाण्यात झेपावतो. बाहेरचे बोट मागे वळू शकते व तळव्यांना काटेरी खवले असतात, म्हणून निसरडा मासा सुटत नाही. मासा वाहून नेताना त्याचे डोके पुढे केलेले असते.

आवाज : तीक्ष्ण शीळवजा हाका, धोक्याची हाक वेगळी व पिल्लांना लहानपणीच कळणारी.

अंड्यांची अदलाबदल : अमेरिकेत कनेटिकट नदीच्या मुखाजवळील ऑस्प्रेची घरटी १९५० व १९६० च्या दशकांत झपाट्याने ओस पडली. जोड्या येत, अंडी घालत, पण पिल्ले फारशी होत नसत. पॉल स्पिट्झर यांनी तेथील अंडी व चेसापीक उपसागराकडील अंडी यांची अदलाबदल करून पाहिली. चेसापीककडील अंडी कनेटिकटच्या आईबापांखाली व्यवस्थित उबली आणि पिल्लेही वाढली. म्हणजे आईबापांच्या संगोपनात किंवा माशांच्या पुरवठ्यात खोट नव्हती. खोट अंड्यांतच होती. डीडीटी हे कीटकनाशक माशांवाटे पक्ष्यांच्या शरीरात साठते आणि त्याच्या अवशेषामुळे कवच पातळ होते, हे तोवर इतर अभ्यासांतूनही पुढे आले होते. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९७२ मध्ये बंदी आली व त्यानंतर तेथील घरटी पुन्हा भरू लागली. घरट्यावरच्या साध्या प्रयोगातून राष्ट्रीय धोरणाला बळ देणारा पुरावा मिळाल्याची इतकी ठळक उदाहरणे थोडी आहेत.

कडी, कॅमेरे व नवी घरटी : पिल्ले साधारण पाच-सहा आठवड्यांची असताना परवानाधारक व्यक्ती त्यांच्या पायात मोठ्या अक्षरांची रंगीत कडी घालतात. ती दुर्बिणीतून वाचता येतात. स्कॉटलंडमधील लॉख ऑफ द लोज येथील ‘लेडी’ नावाची मादी मात्र विनाकड्याची होती आणि डोळ्यातील खुणांवरून ओळखली जाई. तिने हयातीत ७१ अंडी घातली व सुमारे ५० पिल्ले उडवली. १९९६ पासून स्कॉटलंडमधील पिल्ले इंग्लंडमधील रटलंड वॉटर येथे नेऊन सोडण्यात आली आणि २००१ मध्ये तेथे पहिली वीण झाली. या कामात रॉय डेनिस यांचा वाटा मोठा होता. तरुणपणी त्यांनी लॉख गार्टनची राखण केली होती. वेल्समध्ये ग्लासलिन येथे २००४ मध्ये घरटे वादळात कोसळून पिल्ले मेली. पुढच्याच वर्षी त्याच जोडीने यश मिळवले. आता अनेक घरट्यांवरील दृश्य कॅमेऱ्यातून थेट दिसते.

हस्तक्षेप : उपाशी वा आजारी पिल्लाला माणसाने मदत करावी का, यावर मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय घरट्यावर पक्ष्यांना त्रास देणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

महाराष्ट्र : सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मोठ्या जलाशयांवर व खाड्यांवर नियमित नोंदी. येथील पक्ष्यांच्या पायात कडे दिसल्यास त्याचा रंग, पाय व अक्षरे लिहून छायाचित्रासह पक्षिनिरीक्षक संस्थेला कळवावीत. पक्षी कोणत्या घरट्यातून आला हे त्यावरूनच समजू शकते.