हजेरीची सक्ती : मसाल्यापासून वॉरंटापर्यंत

न्यायव्यवस्थेच्या इतिहासात निवाड्यांचा अभ्यास जितका झाला, तितका निवाड्यापूर्वीच्या एका पायरीचा झालेला नाही. ही पायरी म्हणजे संबंधित व्यक्तीला न्यायासनापुढे आणणे. बोलावूनही जो येत नाही, त्याच्या बाबतीत राज्यसत्ता काय करते आणि ही सक्ती केव्हा संपली असे मानते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या सत्तेचे स्वरूप पुष्कळसे कळते. इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात गैरहजर व्यक्तीस धरून आणण्यासाठी न्यायासनाने स्वतः काढलेल्या हुकमास ‘बेंच वॉरंट’ म्हणतात. भारतीय फौजदारी संहितांत हे नाव आढळत नाही. परंतु समन्स चुकविल्यास किंवा हजेरीचा जातमुचलका मोडल्यास निघणारे वॉरंट हे त्याच जातीचे आहे. ग्रामीण भागात या सक्तीचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. मसाला आणि मोहसल

मराठेशाहीत गोतसभा आणि पंचायत या न्यायदानाच्या प्रमुख संस्था होत्या. निवाडा मान्य करण्याविषयी पक्षकारांकडून आगाऊ राजीनामा लिहून घेत आणि हजेरीबद्दल हाजीरजामीन घेत. तथापि पक्षकारास सभेपुढे आणण्याचे स्वतंत्र बळ पंचांपाशी नव्हते. ते सरकारी अधिकाऱ्याच्या हाती होते. बोलावणे घेऊन जाणाऱ्या प्याद्याचा किंवा स्वाराचा खर्च ज्याला बोलावले त्याच्याकडूनच वसूल होई. यालाच ‘मसाला’ म्हणत. तरीही माणूस न आल्यास अथवा देणे न दिल्यास त्याच्या दारी ‘मोहसल’ बसे, म्हणजे सरकारी माणूस तेथे ठाण मांडून बसे आणि त्याच्या पोटापाण्याचा रोजचा भार घरधन्यावर पडे. उत्तर हिंदुस्थानात समन्सच्या बजावणी-शुल्कासाठी रूढ असलेला ‘तलबाना’ हा शब्द याच प्रकारच्या व्यवहाराची आठवण देतो.

ही पद्धत सौम्य होती असे समजणे चुकीचे ठरेल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात ‘तगाद्या’चे वर्णन आहे. साध्या मागणीपासून सुरुवात होऊन पहारा बसविणे, अन्न घेऊ न देणे आणि शारीरिक यातना येथपर्यंत तो जाई. तगादा सावकारही लावू शके आणि त्याला सत्तेची मूक संमती असे. दुर्बलास यातून संरक्षण थोडेच होते.

तरीही या व्यवस्थेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. तिच्यातील सक्ती दृश्य होती. दारात बसलेला मोहसल साऱ्या गावाला दिसे. तो कोणाचा, कशासाठी आला, हे पाटील-कुळकर्ण्यांस ठाऊक असे. तो उठून गेला की सक्ती संपली, हेही सर्वांना कळे. शिवाय त्याला बसवून ठेवण्यास रोजचा खर्च लागत असल्याने ही सक्ती वर्षानुवर्षे विस्मरणात पडून राहणे कठीण होते.

२. कागदाचे आयुष्य

१८२७ च्या विनियमांनी मुंबई इलाख्यातील न्यायदानाची नव्याने मांडणी केली. पुढे १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता प्रथम मुफसल न्यायालयांना, म्हणजे इलाख्यांच्या राजधान्यांबाहेरील प्रदेशाला लागू झाली. १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये तिची नवी रूपे आली. माणूस जाऊन बसण्याऐवजी आता सही-शिक्क्याचा कागद निघू लागला.

१८९८ च्या संहितेतील कलम ७५ या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वॉरंट लेखी असावे, त्यावर पीठासीन अधिकाऱ्याची सही व न्यायालयाचा शिक्का असावा आणि ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत ते अमलात राहावे, असे त्यात सांगितले होते. हाच नियम १९७३ च्या संहितेत कलम ७० म्हणून आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२ म्हणून कायम राहिला. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, संविधान आले, परंतु या तरतुदीचा गाभा बदलला नाही.

तिचे दोन परिणाम संभवतात. एक, वॉरंटास आपोआप मुदत संपण्याचे बंधन नाही. न्यायालयाने परतीची तारीख घातली नाही आणि पाठपुरावाही केला नाही, तर ते वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. दोन, ते रद्द करून घेण्यासाठी सर्वसाधारणपणे मूळ न्यायालयाकडेच जावे लागते. मोहसलाला रोजचा खर्च होता. कागदाला तो नव्हता. कायद्याने खाजगी तगाद्याची यातना दूर केली हे मोठे काम होय, परंतु सक्तीला नैसर्गिक शेवट देणारे जुने बंधनही तिच्याबरोबर गेले.

३. गाव, तालुका आणि स्थलांतर

ग्रामीण भागात या कागदाचा प्रवास गावकामगारांच्या हातून होई. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पाटलाच्या पोलीस-अधिकारांना वैधानिक रूप दिले. हजर न होणाऱ्याविरुद्ध निघणाऱ्या जाहीरनाम्याविषयीच्या तरतुदीतही गावच गृहीत धरलेले होते. जाहीरनामा त्या व्यक्तीच्या राहत्या गावी ठळक जागी जाहीरपणे वाचावा, तिच्या घरावर किंवा गावातील ठळक जागी लावावा आणि हजर होण्यास किमान तीस दिवसांची मुदत द्यावी, असा नियम १८९८ मध्ये होता आणि पुढील संहितांनीही तो राखला. यामागील गृहीतक स्पष्ट आहे : माणूस गावात राहतो, आणि तो नसला तरी गाव त्याला निरोप पोहोचविते.

विसाव्या शतकात हे गृहीतक ढासळले. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपुष्टात आली. ग्रामपोलीस व्यवस्थेची १९६७ मध्ये नव्याने रचना झाली. त्याहून मोठा बदल हंगामी स्थलांतराने घडविला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. ओडिशातील बलांगीर भागातील कुटुंबे वीटभट्ट्यांसाठी आंध्र-तेलंगणात जातात. बिहारचे शेतमजूर पंजाबात जातात. अशा माणसाची तारीख हंगामात पडली, तर तिला हजर राहणे म्हणजे मजुरी बुडवून दोन-तीन दिवसांचा प्रवास करणे होय. तो आला नाही म्हणजे पळाला, असा अर्थ कागदावर सहज लागतो. प्रत्यक्षात तो कामावर असतो.

अंतराचा प्रश्न कायद्याने अगदीच दुर्लक्षिला होता असे नाही. जिल्ह्याबाहेर अटक झाली आणि वॉरंट काढणारे न्यायालय जवळ नसेल, तर त्या व्यक्तीस स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, अशी तरतूद आहे. ही जवळिकीची मर्यादा १८९८ मध्ये वीस मैल होती. १९७३ मध्ये ती तीस किलोमीटर झाली. वॉरंट जामीनपात्र असल्यास तेथेच जामीन घेता येतो. पण यात सोय आहे ती पकडल्या गेलेल्या माणसाची. आपल्या नावाचे वॉरंट निघाले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला या तरतुदीचा आधार अटकेनंतरच मिळतो.

४. रद्द होण्याची नोंद

वॉरंटाचा निचरा करण्याचा सरळ मार्ग जुनाच आहे. संबंधिताने स्वतः न्यायालयात हजर व्हावे, गैरहजेरीचे कारण देऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करावा आणि न्यायालय सांगेल त्याप्रमाणे नवा जातमुचलका किंवा जामीन द्यावा. पुढील तारखांना येणे अशक्य असल्यास गैरहजेरी माफीचा अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुका पातळीवर समित्या स्थापण्याची तरतूद केल्याने मोफत वकिलाची वाटही खुली झाली. अडचण आहे ती आदेशानंतर. न्यायालयातील रोजनाम्यात ‘वॉरंट रद्द’ असे लिहिले गेले, तरी मूळ कागद पोलीस ठाण्याच्या गठ्ठ्यात राहिला, तर अटकेचा संभव उरतोच.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये उत्तरांचलातून आलेल्या एका प्रकरणात सक्तीचा क्रम स्पष्ट केला : शक्यतो प्रथम समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि हेतुपुरस्सर टाळाटाळ होत असल्याची खात्री पटल्यावरच अजामीनपात्र वॉरंट. त्यानंतर २०११ मध्ये, महाराष्ट्रात स्वातंत्र्यदिनी वॉरंटावर झालेल्या एका अटकेतून उद्भवलेल्या प्रकरणात, न्यायालयाने कागदाच्या प्रवासाकडेच लक्ष वळविले. वॉरंटाचे नमुने छापील व क्रमांकित असावेत. प्रत्येक वॉरंट न्यायालयाच्या नोंदवहीत चढविल्याशिवाय बाहेर जाऊ नये. तशीच नोंदवही पोलीस ठाण्यातही असावी. परतीची तारीख फार लांबची नसावी, कारण अंमलबजावणी करणाऱ्यांच्या हाती दीर्घकाळ राहिलेल्या वॉरंटाचा गैरवापर होऊ शकतो. आणि वॉरंट रद्द झाल्यास तशी नोंद दोन्हीकडे होऊन कागद परत मागवावा व आदेशाची प्रत आरोपीसही द्यावी, असे हे निर्देश होते. सक्तीच्या समाप्तीला सक्तीच्या आरंभाइतकेच लेखी महत्त्व येथे मिळाले, ही या निर्णयाची ऐतिहासिक बाजू होय.

२००७ पासूनच्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे खटल्याची सद्यःस्थिती न्यायालयाच्या आवाराबाहेरही पाहता येऊ लागली. मात्र त्यासाठी आपल्यावर खटला आहे हे ठाऊक असणे आवश्यक असते.

५. समारोप

या प्रश्नाला नव्या संहितेने अधिक निकड आणली आहे. गंभीर गुन्ह्यांतील फरारी घोषित आरोपीविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत खटला चालविण्याची मुभा कलम ३५६ देते. त्यापूर्वी लागोपाठ दोन वॉरंटे काढणे, वृत्तपत्रातून सूचना देणे इत्यादी अटी पाळाव्या लागतात. अशा खटल्याचा पाया म्हणजे बजावणीचा अहवाल. ‘इसम मिळून आला नाही’ या एका ओळीत फरारी माणूस आणि फडावर ऊस तोडणारा माणूस असे दोघेही मावतात. त्या दोघांत भेद करण्याचे काम संहितेने न्यायाधीशावर सोपविले असले, तरी त्यासाठी लागणारी माहिती गावातूनच यावयाची असते. मोहसलाच्या काळी ती माहिती दारातच उपलब्ध होती. पाटील आणि शेजारी तिचे साक्षी होते. वॉरंटाच्या युगात ती अहवालात उतरेल तेवढीच न्यायासनापर्यंत पोहोचते. बजावणी करणाऱ्याने घर बंद का आहे, माणूस कोठे व किती काळासाठी गेला आहे आणि परतणार केव्हा, एवढे जरी विचारून लिहिले, तरी सक्तीचा कोणता मार्ग योग्य हे न्यायालयास ठरविता येईल. आणि न्यायाचा उंबरठा चढण्यापूर्वीच कित्येक गरिबांच्या माथी येणारा ‘फरारी’ हा शिक्का टळू शकेल.