गावकुसाच्या दोन बाजू

दिवाळीच्या सुट्टीत कोठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी फराळाच्या यादीबरोबरच निघतो. यंदा धाकट्या लेकीने त्यात एका चित्राची भर घातली. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या हक्का लोकांच्या वस्तीचे ते चित्र होते. डोंगराच्या कुशीत मातीची प्रचंड गोल भिंत, तिला एकच दरवाजा आणि आत मजल्यावर मजले रचून नांदणारी एकाच कुळाची अनेक बिऱ्हाडे! अशी ४६ घरे २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतली आहेत.

"बाबा, हे पाहायला जाऊ या," लेक म्हणाली.

मास्तराच्या पगारात चीन बसत नाही. म्हणून मी म्हटले, "अगं, त्यासाठी चीन कशाला? भिंतीतली गावे आणि पाठीशी डोंगर आपल्या खानदेशात का थोडे आहेत?"

बोललो खरा, आणि त्याच रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी मॅट्रिक झालेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही, पण वेड आहे. वर्गातल्या आठ-दहा मुलांनाही बरोबर न्यायचे ठरले. आईने मात्र भाकरी थापता थापता विचारले, "पडेल भीती देखाले इतलं दूर कोनी जास का?" पडक्या भिंती पाहायला इतके दूर कोणी जाते का, हा तिचा प्रश्न काही अगदीच खोटा नव्हता.

पण या भिंती उगाच उभ्या राहिल्या नव्हत्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेला धावणारी तापी. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारी वाट या खोऱ्यातूनच होती. व्यापारी याच वाटेने आले आणि फौजाही याच वाटेने आल्या. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेने हा मुलूख तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला आणि मग पेंढाऱ्यांच्या टोळ्या आल्या. काळी पिकवायची तर पांढरी राखली पाहिजे. म्हणून पांढऱ्या मातीच्या गढ्या उठल्या, गावांना कूस घातले गेले. धोक्याची दवंडी झाली की गुरे-वासरे आत घ्यायची आणि वेस लावायची, असे ते दिवस होते.

सहलीचा बेत मी असा आखला. पहिला मुक्काम पारोळा. पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंद शहर हरि सदाशिव दामोदर यांनी केले आणि १७२७ साली तेथे किल्ला बांधला, असे सांगतात. भोवती खंदक आणि दाराशी बुरूज. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचे हे ठाणे. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला खिळखिळा केला. तेथून अमळनेर. बोरी नदीच्या काठचा दगडी दरवाजा मुलांना दाखवायचा आणि सांगायचे की, १८१८ च्या अखेरीस येथल्या अरब शिबंदीने इंग्रजांना गाव देण्याचे नाकारले होते. फौज चालून आली तेव्हाच ती शरण गेली.

मग तापी ओलांडून थाळनेर. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला आणि येथून फारुकी राजवट सुरू झाली. १३९९ साली वारलेला मलिक राजा थाळनेरलाच विसावला आहे. पण याच किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी भयंकर प्रकार घडला. मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला होता. किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला देण्याच्या बोलण्यात असतानाच आतल्या दिंडीशी गैरसमज झाला आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने आतली सुमारे तीनशे माणसे कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिले. या कृत्याचा जाब पुढे विलायतेच्या पार्लमेंटातही विचारला गेला. भिंत जाडजूड होती, दरवाजेही एकामागे एक होते. पण भिंतीच्या आत सापडलेल्या माणसाला पळायलाही वाट उरत नाही.

थाळनेरहून शिरपूर, पुढे पळासनेर आणि शेवटी सातपुड्यातला बिजासनी घाट. साग-सालईचे रान, पिवळे पडू लागलेले गवत आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा. बेत फक्कड जमला होता.

दुसऱ्या दिवशी तो मी वर्गात वाचून दाखवला. भिंती कशासाठी, तर चोर-दरवडेखोरांसाठी, असेही सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो वसतिगृहात राहतो. त्याचा पाडा पळासनेरच्या पलीकडे डोंगरात.

"सर, चोर म्हणजे कोण?"

"पेंढारी... आणि डोंगरातले..." एवढे बोललो आणि जीभ अडखळली. जुन्या कागदांत पुढचा शब्द 'भिल्ल' असा असतो आणि समोर उभा मुलगा भिल्लाचा होता.

तो रागावला नाही. सरळपणे म्हणाला, "मग आम्ही भिंत बाहेरून पाहायची का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी टिपणे पुन्हा काढली आणि ती दुसऱ्या बाजूने वाचली. घाटवाटा राखण्याबद्दल भिल्ल नाईकांना पूर्वी हक्काचे देणे मिळे. धामधुमीत ते बुडाले, दुष्काळाने पोट जाळले आणि रखवालदाराचा लुटारू झाला. गंमत अशी की, वेशीवर रात्रीचा पहारा देणारा जागल्याही पुष्कळ गावांत भिल्लच असे. त्याची भिलाटी मात्र कुसाबाहेर! १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारून धरणगावला तिचे ठाणे केले, तेव्हा कालचे 'चोर' शिपाई झाले. सेंधव्याच्या घाटाची रखवाली करणारा खाज्या नाईक १८५७ साली इंग्रजांवर उलटला. १८५८ च्या एप्रिलात आंबापाणीला जी लढाई झाली, ती याच सातपुड्यात. ज्या घाटाला मी माझ्या कागदावर नुसता 'देखावा' लिहिले होते, तो त्यांचे घर होता आणि रणांगणही.

हक्का या शब्दाचा अर्थ पाहुणे कुटुंब. चीनमध्ये पाहुण्याने मूळच्या रहिवाशांच्या धाकाने भिंत घातली. आमच्याकडेही डोंगराचा जुना धनी कुसाबाहेरच राहिला. आज पारोळ्याचा तट ढासळला आहे, गढ्यांची पांढरी माती पावसागणिक वाहून जाते आहे. 'गावकुसाबाहेर' हा शब्द मात्र अजून धडधाकट आहे. वाचकहो, दगडामातीची भिंत पडायला दोनशे वर्षे पुरतात, पण या भिंतीचे काय?

आता भाऊबीज आटोपली की निघायचे. बेतात दोन फेरफार केले आहेत. प्रत्येक तट आधी बाहेरून फिरून पाहायचा आणि मगच वेशीतून आत जायचे. आणि शेवटचा मुक्काम घाटातल्या विश्रामगृहात नाही, तर त्या मुलाच्या पाड्यावर करायचा. त्याने घरी निरोप धाडला आहे. आईला हे सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त फराळाच्या डब्यांतून एक डबा वेगळा काढून तिने पाड्यासाठी बाजूला ठेवला.